पेटीतला साप, उशाजवळचा साप

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका शाळेने मुलांना जिवंत साप दाखवण्याचा कार्यक्रम ठेवला आणि त्याची छायाचित्रे पालकांच्या गटात फिरू लागताच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, लहान मुलांना सापाजवळ नेणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. सापाचे भय वाटते तेच बरे, त्या भयानेच मुले सुरक्षित राहतात. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, भय घालवायचे तर मुलाने एकदा साप हातात घ्यायलाच हवा. शाळेने बोलावलेल्या सभेत दोन तास हाच वाद रंगला. सभा संपता संपता एक बाई उठल्या. त्या पेठ तालुक्यातून कामासाठी नाशिकला आलेल्या आणि पाथर्डी फाट्याजवळ एका बांधकामाच्या आवारातील पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या. त्यांनी विचारले, "आम्ही रात्री खालीच निजतो. पोरांना काय सांगू?" त्यांना कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे. दोन तास आम्ही पेटीतल्या सापाबद्दल भांडत होतो. त्या विचारत होत्या उशाजवळच्या सापाबद्दल.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मुलांना साप शिकवला पाहिजे, पहिलीपासून शिकवला पाहिजे, आणि तो शिकवण्यासाठी एकही साप वर्गात आणण्याची गरज नाही. साप कुठे राहतो, काय खातो, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वेळी बाहेर पडतो, माणसाच्या घरात का शिरतो, चावतो तेव्हा का चावतो आणि चावल्यावर पुढच्या तासाभरात काय करायचे, हे ज्ञान नाशिकसारख्या जिल्ह्यातल्या मुलाला पाढ्यांइतकेच आवश्यक आहे. भय राखू पाहणारे आणि भय मोडू पाहणारे, दोघेही सापाकडे मुलाच्या मनातली एक भावना म्हणून पाहतात. तो आपला शेजारी आहे आणि त्या शेजाऱ्याची दिनचर्या माहीत नसल्यामुळे माणसे मरतात, ही साधी गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटते.

किती माणसे मरतात, हे एकदा नीट पाहायला हवे. भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक विस्तृत अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत झाले, आणि बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांत, घरीच झाले. ही सर्व मुले कोणी साप दाखवायला नेल्यामुळे मेली का? ती अंगणात, गोठ्यात, शेताच्या बांधावर, झोपलेल्या जागी मेली. मुलांना सापापासून दूर ठेवायचे की जवळ न्यायचे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्या घरी बहुधा पलंग असतो, दारापर्यंत रस्ता असतो आणि रस्त्यावर दिवा असतो. बाकीच्यांच्या बाबतीत हा निर्णय केव्हाच झालेला आहे, कारण साप त्यांच्या जवळच आहे.

तरीही भयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. अमेरिकेत सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाचे भय नव्हते. पण रानात वाढलेली माकडे सापाला पाहून घाबरताना त्यांनी पाहिली आणि थोड्याच वेळात तीही घाबरू लागली. पुढे चित्रफितीत फेरफार करून, रानातली माकडे जणू फुलाला घाबरत आहेत असे त्यांना दाखवले, तेव्हा मात्र ती फुलाला घाबरायला शिकली नाहीत. म्हणजे सापाचे भय जन्मजात नसले तरी ते चटकन शिकण्याची तयारी जन्मजात असावी, आणि लाखो वर्षांत घडलेल्या त्या तयारीला काही अर्थ असणार. एखाद्या आईने मुलाला सापाकडे बोट दाखवून दरडावले, तर ती अडाणीपणा करते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

पण याच प्रयोगाची दुसरी बाजू पाहा. माकड घाबरायला शिकते ते मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून. आपली मुलेही सापापेक्षा आपला चेहरा अधिक वाचतात. मग प्रश्न असा उरतो की, आपल्या चेहऱ्यावरून ती नेमके काय शिकतात? साप दिसला की आरडाओरडा, मग काठी, मग दगड, मग ठेचलेल्या सापाभोवती जमलेली गर्दी. सापाचे भय वाटणारा मुलगा सापापासून लांब जातो, ही कल्पना कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात तो चार मित्रांच्या घोळक्यात दगड घेऊन सापाच्या मागे लागतो, कारण साप दिसला की मारायचा असतो हे त्याने मोठ्यांकडे पाहून शिकलेले असते. जो साप वाट मिळताच निघून गेला असता, त्याला कोपऱ्यात गाठले की तो चावतो. या भयाचा आणखी एक परिणाम मी शिक्षक म्हणून पाहिला आहे. दरडावून वाढवलेली मुले पायाला काही चावले तर घरी सांगत नाहीत. बंधाऱ्यावर गेलो होतो हे कळेल, मार बसेल, म्हणून गप्प राहतात. विषबाधेत पहिला तास हाच सर्वांत मोलाचा असतो, आणि तो या गप्प राहण्यात जातो.

भयाला शस्त्राची आणि पैशाची जोड देऊन काय साधते, हेही आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने साप मारणाऱ्यांना बक्षिसे लावली. आपल्याच राज्यातील रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस होते आणि तिथे ती लाखोंच्या संख्येने मारली गेली. रत्नागिरीतून फुरसे नाहीसे झाले का? कोकणातल्या कोणत्याही आंबा बागायतदाराला विचारा. कातळ, गवत, उंदीर आणि अनवाणी पाय जिथल्या तिथे राहिले, आणि त्यांच्यासोबत सापही राहिला.

आता दुसरा तट. मुलांच्या हाती साप देऊ पाहणाऱ्यांची तळमळ मला समजते आणि त्यांच्या बाजूने एक मोठे उदाहरण आहे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले. छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवायचे होते, आणि ते हजार व्याख्यानांनी पटले नसते इतके पटले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले आणि महाराष्ट्रात सर्पमित्रांची एक पिढी घडली. आज घरात साप निघाला की आधी काठी न शोधता फोन शोधणारी कुटुंबे नाशिकमध्ये आहेत, त्याचे श्रेय त्या पिढीला दिलेच पाहिजे. प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीचा ठसा पुस्तकातल्या चित्राला येत नाही, हेही खरे.

मात्र ठसा कशाचा उमटतो? वर्गात आलेला साप पोत्यातून किंवा बरणीतून आलेला असतो. त्याला लपायला जागा नसते, सभोवती शंभर पावलांची कंपने असतात, आणि भेदरलेला किंवा थकलेला तो प्राणी त्याच्या स्वभावाप्रमाणे वागूच शकत नाही. त्याच्याकडे पाहून मुले सापाचे जीवन शिकत नाहीत. ती शिकतात की साप शेपटीला धरून उचलायचा असतो आणि उचलणाऱ्याला टाळ्या मिळतात. पूर्वी गारुडी टोपली घेऊन दारोदारी येई. त्याच्या नागाचे दात पाडलेले असत, कधी तोंड शिवलेले असे, आणि तहानेने व्याकूळ झालेला तो जीव दूध तोंडाशी लावले की ते पिई. त्यावरून आपल्या आज्यांनी साप दूध पितो असा निष्कर्ष काढला आणि तो शंभर वर्षांत पुसला गेला नाही. चुकीच्या प्रसंगी पाहिलेला खरा साप किती खोटे शिकवू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते? खेळ करणाऱ्याच्या अंगावर आता टोपीऐवजी खिसेवाले जाकीट आले, तरी पाहणाऱ्या मुलाच्या मनावर होणारा परिणाम बदलत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला, आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय साप पकडणे, बाळगणे वा त्याचा खेळ करणे हा गुन्हा आहे. जो धडा देण्यासाठी शाळेला कायदा बाजूला ठेवावा लागतो, त्या धड्यातून मूल आणखी काय काय शिकते, याचा विचार शाळेनेच करावा. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथली जिवंत नागांची मिरवणूक थांबली आणि २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक उद्देशासाठी तिथल्या मोजक्या लोकांना नाग पकडण्याची परवानगी दिली. त्या गावाच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. परंतु 'शैक्षणिक' हा शब्द कोणत्या गोष्टीला लावायचा, याबद्दल आपण यापुढे अधिक काटेकोर राहिले पाहिजे, असे मला वाटते.

या वादात परंपरेचे नाव दोन्हीकडून घेतले जाते, म्हणून थोडे तिच्याविषयी. नागपंचमीची कहाणी आपण लहानपणी ऐकली आहे: शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळाला लागतो, नागिणीची पिल्ले मरतात आणि ती सूड घ्यायला निघते. त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू नये, असा दंडक आहे. आता सापाच्या बाजूने पाहा. नागीण उन्हाळ्यात अंडी घालते आणि पावसाळ्यात पिल्ले बाहेर पडतात. श्रावणातल्या मातीत त्यांचा वावर असणारच. ज्या कोणी ही कहाणी प्रथम सांगितली, त्याने नाग शेतात केव्हा आणि कुठे असतो हे पाहिलेले होते. आपल्या सुरगाणा-पेठ भागातील कोकणा बांधव वाघबारसेला ज्या वाघदेवाची पूजा करतात, त्याच्या लाकडावर वा दगडावर वाघासोबत नागही कोरलेला असतो. रानात आपण एकटे राहत नाही याची ती नोंद आहे. त्र्यंबकेश्वरला नागबळीचा विधी होतो तो नाग मारल्याच्या पापातून सुटण्यासाठी. श्रद्धा असो वा नसो, एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: नाग मारणे ही आपल्या पूर्वजांना सहज विसरण्यासारखी गोष्ट वाटत नव्हती. या परंपरेत भय आहे आणि आदरही आहे, परंतु साप हाताळण्याची हौस त्यात कुठेच नाही.

मग शिकवायचे काय आणि कसे? नाशिकच्या मुलाला एक उदाहरण चटकन कळेल. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पुराचे पाणी त्याच्या पायांशी आहे, कमरेला लागले आहे की छातीपर्यंत चढले आहे, यावरून सारे शहर पुराचा अंदाज घेते. गोदावरीचे भय वाटावे म्हणून आपण मुलांपासून नदी लपवून ठेवत नाही आणि भय जावे म्हणून त्यांना पुरात उतरवतही नाही. पाणी कधी वाढते, कुठवर येते आणि आले तर आपण कुठे असायचे, हे आपण त्यांना मारुतीकडे बोट दाखवून शिकवतो. सापाच्या बाबतीत हेच बोट दाखवणे हवे आहे, आणि बोट दाखवायच्या जागा आपल्या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. कांद्याच्या चाळीत उंदीर येतात, म्हणून तिथे धामण येते. धामणीने उंदीर खाल्ले तर शेतकऱ्याचा माल वाचतो. द्राक्षबागेच्या कडेला गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या, छाटणीच्या काड्यांचा ढीग, विटांचा थर, गोठ्यातला कडबा, या सर्व जागा सापाला थंड, अंधाऱ्या आणि भक्ष्याजवळच्या म्हणून आवडतात. शहरात नासर्डी आणि वालदेवीच्या काठी टाकलेल्या कचऱ्यावर उंदीर पोसले जातात, आणि मग काठावरच्या वसाहतींत साप 'शिरला' अशी तक्रार होते. मुसळधार पावसात बिळांत पाणी भरले की सापाला कोरडी जागा लागते, आणि ती आपल्या जोत्यावर असते. हे सगळे शिकवायला एक वही आणि शाळेभोवतीची एक फेरी पुरते. मुलांनी आपल्या घराभोवती सापाला आवडतील अशा जागा शोधाव्यात, त्यांची नोंद करावी, आणि मोठ्यांच्या मदतीने त्या मोकळ्या कराव्यात.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो मला मान्य आहे: अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा घातक ठरू शकते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची चित्रे दाखवली की मुलाला वाटते, बाकीचे सगळे निर्धोक. कवड्या साप बिनविषारी आहे आणि मण्यार अत्यंत विषारी. दोघांच्याही गडद अंगावर पांढरट पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे सामान्यतः उलट असते. पण रात्री, विजेरीच्या उजेडात, सरपटणाऱ्या सापावर हा फरक दहा वर्षांच्या मुलाने ओळखावा? डुरक्या घोणशीला अजगराचे पिल्लू समजावे की विषारी घोणस, याबाबत मोठी माणसेही फसतात. म्हणून ओळख शिकवावी ती कुतूहलासाठी, आणि तिच्याआधी एक नियम पक्का करावा की साप कोणताही असो, दहा पावले मागे सरायचे, त्याला वाट द्यायची, नजर ठेवायची आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. नियम पक्का झाला की मग कुतूहलाला हवे तितके मोकळे सोडावे. दिवड मासे आणि बेडूक कसे पकडते, हरणटोळ फांदीसारखी का दिसते, घोणस अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म कशी देते, जीभ सारखी आतबाहेर का होते, मांडुळाला दोन तोंडे का नसतात. हा शेवटचा प्रश्न तर मी आवर्जून शिकवीन, कारण पैशाचा पाऊस पाडणारा म्हणून मांडूळ पकडून विकणाऱ्या टोळ्या अशाच अज्ञानावर जगतात, आणि बोथट शेपटी पाहिलेला मुलगा मोठेपणी त्या जाळ्यात सहजी अडकणार नाही.

दंशाविषयी शिकवणे शाळांना अप्रिय वाटते. मुले घाबरतील, असे म्हणतात. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. ते ध्येय दवाखान्यात गाठले जाणार नाही, दवाखान्याकडे निघण्याच्या निर्णयात गाठले जाईल. तो निर्णय घरात होतो, आणि पुष्कळ घरांत शाळेत जाणारे मूल हेच सर्वांत जास्त शिकलेले माणूस असते. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची हत्या झाली. पण मांत्रिकाचा गुण येतो कसा, हे मुलाला समजले नाही तर कायदा त्याच्या घरात पोहोचत नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात; विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस मंत्र घातला तरी वाचतो आणि न घातला तरी वाचतो, श्रेय मात्र मांत्रिकाला जाते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे, त्याच्यावर प्रतिविष हाच उपाय आहे. जखम चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला हात वा पाय हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. एवढी वाक्ये पाठ व्हायला मुलाला आठवडा लागत नाही. मुलाच्या लहान शरीरात तेवढेच विष अधिक घातक ठरते, म्हणून प्रतिविषाची मात्राही त्याला मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते. या एका गोष्टीवरून तरी, हा विषय मोठ्यांसाठी ठेवून द्यावा, असे म्हणणाऱ्यांनी फेरविचार करावा.

शाळांवर आधीच ओझे आहे, हे खरे आहे. पण परिसर अभ्यासाच्या तासाला परिसरच शिकवायचा नसेल, तर तो तास कशासाठी ठेवला आहे?

आता त्या आईंचा प्रश्न. सभेत जे सांगायला हवे होते ते येथे सांगतो. ताई, जमिनीवर झोपणाऱ्याला सर्वांत जास्त धोका मण्यारीचा असतो. ती रात्री फिरते, ऊब आणि आडोसा शोधत अंथरुणाशी येते आणि झोपेत तिच्यावर हात वा पाय पडला की चावते. बाजेवर झोपता आले तर उत्तम. नाही जमले, तर अंथरूण भिंतीपासून हातभर लांब घाला, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोवा. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते. उरलेले अन्न आणि धान्य झाकून ठेवा, म्हणजे उंदीर येणार नाहीत. रात्री मुलाला बाहेर जायचे असेल तर आधी विजेरी लावून पायाखाली पाहायला सांगा आणि चप्पल झटकून घालायला सांगा. आणि हे विसरू नका: मण्यार चावली की फारसे दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठले, त्याच्या पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, गिळता येईना, तर पोटात वात धरला असे समजून ओवा देत बसू नका. साप दिसला नसला तरी तसेच उचला आणि रुग्णालयात न्या, आणि तिथे पहिल्या डॉक्टरांना सांगा की मूल रात्री जमिनीवर झोपले होते.